पवित्र पेल्याची कल्हई

मी एक जुना पितळी पेला आहे, आणि मित्रांनो, मी चिडलेला आहे. आपली कहाणी सांगणारी भांडी सहसा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. सध्या मी सिंगापूरच्या सेंगकांग भागात, अकराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर उपडा पडलो आहे. माझ्या पोटावर 'यातून काही पिऊ नये' असा कागद चिकटवलेला आहे. एका बाईचा जीव माझ्यामुळे जाता जाता राहिला. दोष माझा नव्हता, पण विष माझ्यातलंच होतं, आणि ते मला अजून पचलेलं नाही.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. दीनानाथ तांबट नावाचा कारागीर होता. तोंडाने कमी बोलायचा, हातोडी मात्र दिवसभर चालवायचा. त्याला एका सायकल क्लबाने शर्यतीचं बक्षीस म्हणून उंच पायाचा चषक बनवायला सांगितला. बक्षिसाच्या चषकातून कुणी काही पीत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. भांडं आहे म्हणजे त्यात कुणीतरी काहीतरी ओतणारच, असं समजून त्याने मला आतून छान कल्हई केली.

तुमच्यापैकी ज्यांनी फक्त स्टीलची भांडी पाहिली आहेत त्यांना सांगतो. पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. भांड्यातलं तांबं त्यात उतरतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं. तसं होऊ नये म्हणून भांडं तापवून, वर नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने आतून कथलाचा पातळ थर देतात. तीच कल्हई. नवी असताना ती झगझगीत दिसते, पुढे करडी पडते. करडी पडली तरी ती आपलं काम इमानाने करत असते.

ती शर्यत माझा आताचा मालक प्रबोध याच्या आजोबांनी जिंकली. ते पोस्टात कारकून होते. इतरांनी बक्षिसं कपाटात ठेवली, आजोबा मात्र रोज जेवताना माझ्यातून ताक प्यायचे. पाहुणे हसायचे. आजोबा म्हणायचे, "पायडल मारून मिळवलाय, शोभेला ठेवू होय?" वर्षातून एकदा कल्हईवाला दारात भाता लावून बसला की सगळ्यांत आधी माझा नंबर लागे. मित्रांनो, भांड्याला याहून जास्त मान लागत नाही. मग आजोबा गेले, घरात स्टील आलं आणि मी माळ्यावर गेलो. प्रबोध सिंगापूरला एका बँकेच्या आयटी विभागात नोकरीला लागला तेव्हा त्याने आजोबांची आठवण म्हणून मला बॅगेत घातलं. इथे टीव्हीच्या शेजारी उभं राहून मी बारा वर्षं पेनं, चाव्या आणि बसची कार्डं सांभाळली. अपमानच होता तो, पण निरुपद्रवी अपमान होता.

गेल्या वर्षी प्रबोधच्या बायकोला, सविताला, डेंग्यू झाला. ताप गेला, पण अंगातलं त्राण परत येईना. सांधे दुखायचे, केस गळायचे, दोन जिने चढली की ती भिंतीला टेकायची. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. प्रबोधला वेळ लागणं मान्य नव्हतं. ऑफिसात बिघडलेली यंत्रणा तो दोन तासांत उभी करायचा, आणि घरात बायको तीन महिने उभी राहत नव्हती. अशा माणसाच्या घरात चंद्रशेखरसारखा माणूस शिरायला फार मोठं दार लागत नाही.

या चंद्रशेखरला सगळे सर म्हणत. तो कधी कुठे शिकवत होता ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये तो दर शनिवारी चार वाजता पाश्चात्त्य गूढविद्येचं अभ्यासमंडळ भरवायचा. दहा-बारा मराठी मंडळी यायची, सगळी चांगल्या पगाराची आणि भरपूर शिकलेली. पडद्यावर स्लाइड्स चालायच्या. किमयागारांची भांडी, भविष्य सांगणारे चित्रांचे पत्ते, गुलाब आणि क्रूस यांच्या खुणा बाळगणाऱ्या गुप्त संघटना, असं सगळं एका पातेल्यात टाकून तो ढवळायचा. युरोपातल्या कुठल्याशा गुप्त मंडळाने त्याला पूर्वेकडच्या शाखेचं प्रमुखपद देऊ केलं होतं. त्यासाठी त्याला काहीतरी सिद्ध करून दाखवायचं होतं. ते काहीतरी शोधत तो एका रविवारी प्रबोधकडे जेवायला आला आणि टीव्हीशेजारी मी उभा होतो.

त्याने मला उचललं, पेनं सोफ्यावर ओतली आणि माझा पाय उलटा करून पाहिला. तिथे सायकल क्लबाचं नाव कोरलेलं होतं. ते झिजून चार रेघा उरल्या होत्या. त्या रेघांवरून बोट फिरवत तो गंभीर आवाजात म्हणाला, "प्रबोध, हे काय आहे याची तुला कल्पना आहे?"

"आजोबांचं बक्षीस आहे, सर. सायकलचं."

"असं तुला सांगितलं गेलं," सर म्हणाले.

झालं. पुढच्या शनिवारी मी काळ्या मखमलीवर बसलो होतो आणि पडद्यावर माझा प्रवास दाखवला जात होता. म्हणे मी होली ग्रेल! येशूच्या शेवटच्या भोजनातला तो पवित्र पेला. शूर सरदारांनी मला जपलं, पोर्तुगीजांच्या जहाजातून मी वसईला उतरलो आणि वसईच्या लढाईनंतर पुण्यात पोचलो. दीनानाथ तांबटाने घाम गाळून ठोकलेल्या माझ्या अंगाला हा माणूस दोन हजार वर्षांचं ठरवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पेल्याला तोंड फक्त प्यायला असतं, बोलायला नसतं.

खरं सांगतो, मूळ गोष्ट मला आवडली. त्या भोंदूच्या तोंडून ऐकूनही आवडली. एक राजा असतो. त्याची जखम भरत नाही आणि त्याच्याबरोबर सगळं राज्य ओसाड पडतं. त्याच्या वाड्यात एक तरुण सरदार मुक्कामाला येतो. त्याच्या डोळ्यांसमोरून तो अद्भुत पेला मिरवत नेला जातो. सरदाराला विचारावंसं वाटतं, पण चारचौघांत प्रश्न विचारणं बरं दिसत नाही म्हणून तो गप्प बसतो. सकाळी वाडा रिकामा. राजाला नुसतं "काय होतंय तुम्हाला?" एवढं विचारलं असतं तरी तो बरा होणार होता. तो पेला होता, ताट होतं की दगड होता, यावर आठशे वर्षं लोक भांडत आहेत आणि अजून कुणाला कळलेलं नाही. मला विचाराल तर ती गोष्ट पेल्याची नाहीच. पण मंडळाने सहा शनिवार त्या प्रश्नाच्या अंकशास्त्रावर घालवले. सविता कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसलेली असायची. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग सरांनी घरी येऊन उपाय सांगितला. पेला ज्या घराचा, त्या घरच्या स्त्रीला तो बरं करणार. सकाळी त्यात काळ्या द्राक्षांचा रस आणि लिंबू पिळून ठेवायचं, दिवसभर खिडकीत ठेवायचं आणि सूर्य मावळताना तिने ते प्यायचं. चाळीस दिवस. दर आठवड्याला तिचा व्हिडिओ काढून सरांना पाठवायचा.

"आणि हे आतलं किटण काढ आधी," सर जाता जाता म्हणाले. "ग्रेल आतून सोन्याचा असतो."

मित्रांनो, ते किटण म्हणजे माझी कल्हई होती. प्रबोध पुण्याचा. त्याच्या आजोबांच्या दारात कल्हईवाला बसायचा. पण प्रबोध स्टीलच्या ताटात वाढला आणि करडी दिसेल ती घाण, एवढंच त्याला ठाऊक. त्याने लिटिल इंडियातून पितळ घासायची पावडर आणली, हार्डवेअरच्या दुकानातून सँडपेपर आणला आणि अख्खा रविवार मला आतून खरवडलं. त्याच्या बोटांना फोड आले. प्रेमाने करत होता, हेच जास्त संतापजनक होतं. संध्याकाळी मी आतून पिवळाधमक झालो होतो. तो मला दिव्याखाली धरून म्हणाला, "बघ सविता, सोनं!"

पहिल्याच दिवशी सविता म्हणाली, "कसंतरीच लागतंय रे हे. तोंडात पैसा धरल्यासारखं."

"औषध आहे ते. चवीचं काय एवढं?"

प्रबोधच्या डोळ्यांत इतकी आशा असायची की तिला नाही म्हणवत नसे. चौथ्या दिवशी तिला मळमळायला लागलं. आठव्या दिवशी उलट्या. पोटात पिळवटून यायचं आणि ती बाथरूमच्या फरशीवर बसून राहायची. माझ्या आत हिरवी कड धरली होती, ती प्रबोध रोज घासून काढायचा आणि रोज मला पुन्हा भरायचा. त्यांची मुलगी गार्गी एकदा रडकुंडीला येऊन तिच्या सिंगापुरी धाटणीत म्हणाली, "पप्पा, ममा अगेन व्हॉमिट करतेय. डॉक्टरकडे जाऊ या ना, व्हाय वेट लाह?"

प्रबोधने सरांना फोन लावला. स्पीकरवरून सर प्रसन्न आवाजात म्हणाले, "उत्तम! शुद्धी सुरू झाली. आतलं सगळं बाहेर पडतंय. आता थांबलास तर सगळं वाया जाईल. आणि उलटीचा व्हिडिओ नको पाठवू, त्यानंतरचा शांत चेहरा पाठव."

त्या दिवशी मला फुटता आलं असतं तर मी फुटलो असतो. पण पितळ फुटत नाही.

अठराव्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या मेधाकाकू आल्या. मुलगा नील इथे अकाउंटंट, म्हणून त्या सहा महिने इथे आणि सहा महिने साताऱ्याला असायच्या. जीभ तिखट. आणलेल्या कोथिंबीरवड्यांचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला, सविताकडे पाहिलं आणि त्या मटकन तिच्याशेजारी बसल्या.

"अगं बाई! काय होतंय गं तुला?"

सविता रडायलाच लागली. मंडळात सहा शनिवार चर्चिला गेलेला प्रश्न कुणीतरी तिला एकदाचा विचारला होता. तिने सगळं सांगितलं. काकू उठल्या, खिडकीपाशी आल्या आणि मला उचलून त्यांनी आत नाक घातलं.

"यात लिंबू? अगं, कल्हई कुठाय याला?"

"कल्हई म्हणजे? ते आतलं किटण प्रबोधने काढलं, काकू. सँडपेपरने."

"किटण!" काकूंचा आवाज कॉरिडॉरपर्यंत गेला. "शिकलेली माणसं ना तुम्ही? बिनकल्हईच्या पितळेत आंबट घालून दिवसभर ठेवता? अगं, विष पितेयस तू रोज! चल, ऊठ. चपला घाल."

त्यांनी टॅक्सी बोलावली आणि सविताबरोबर मलाही पुराव्याला पिशवीत घातलं. हॉस्पिटलात रक्त तपासलं. तांबं भलतंच वाढलेलं, डेंग्यूने आधीच दमलेल्या यकृताला सूज. आणखी दोन आठवडे असंच चाललं असतं तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी प्रबोधला तोंडावर सांगितलं. तो ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच ठेवून धावत आला होता. त्याने मान वर केली नाही. सविता सहा दिवस तिथे होती. त्या सहा दिवसांत प्रबोधने मला हात लावला नाही, आणि मलाही त्याचा हात नको होता.

ती घरी आल्यावर सरांचा निरोप आला. विधी अर्धवट सोडला, घराची पात्रता नव्हती, तेव्हा पेला मंडळाच्या ताब्यात द्यावा. रविवारी पाच वाजता ते स्वतः न्यायला येतील. प्रबोध म्हणाला, "देऊन टाकतो. जाऊ दे घरातून एकदाचा."

सविता म्हणाली, "येऊ देत त्यांना."

रविवारी सकाळी तिने मला धुतलं, रस ओतला, लिंबू पिळलं आणि खिडकीत ठेवलं. मी घाबरलो. या बाईचं डोकं फिरलं की काय, असं मला वाटलं. पाच वाजता सर आले, पांढरा लिननचा शर्ट, हातात मखमलीची पिशवी. सविता हळूहळू चालत खिडकीपाशी गेली आणि तिने मला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"घ्या ना, सर. सकाळी भरलाय, तुम्ही सांगितलंत तसाच."

सरांनी आत पाहिलं. रसाच्या कडेने हिरवी रेघ उमटली होती. त्यांनी पिशवीची नाडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

"आज माझा उपास आहे," ते म्हणाले.

"रस उपासाला चालतो, सर," सविता म्हणाली. "मी सतरा दिवस प्यायले. तुम्ही एक घोट घ्या आणि पेला घेऊन जा."

सर माझ्याकडे बघत होते. ज्याला त्यांनी येशूच्या हातातला ठरवलं, ज्याच्यावर सहा शनिवार भाषणं दिली, त्या पेल्याला ते बोटसुद्धा लावेनात. मग प्रबोध उठला. त्याने दार उघडलं, बाहेरचं लोखंडी गेट उघडलं आणि ते धरून तो उभा राहिला. सरांना जे कळायचं ते कळलं, आणि ते रिकामी पिशवी घेऊन निघून गेले. रस सविताने मोरीत ओतला आणि मला गरम पाण्याने तीनदा धुऊन, तो कागद चिकटवून वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर उपडं ठेवलं.

मित्रांनो, मी पवित्र नाही. मी एका तांबटाने ठोकलेलं भांडं आहे आणि मला कल्हई लागते. भांड्याला आतून बघत जा, आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याच्याजवळ बसून त्यालाच विचारत जा. आणि पुढे कधी एखादा विद्वान तुमच्यापुढे पेला धरून याने सगळं बरं होतं असं म्हणाला, तर हात जोडू नका, वाद घालू नका. पेला त्याच्याकडे सरकवा आणि म्हणा, आधी तुम्ही प्या.