वाढणारा हात

पिवळा कपडा वाटीत बुडाला आणि बघता बघता लालभडक झाला.

"आई गं!" सभागृहातून एकच आवाज उठला. मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढले. ज्या म्हाताऱ्याच्या थुंकीत तो कपडा बुडवला होता, तो दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. व्यासपीठावरच्या राखवाल्या बाबांनी तो कपडा चिमटीत धरून उंच केला.

"बघा! पोटातलं रक्त नाही हे, दुसऱ्याच्या मनातलं विष आहे! डॉक्टरकडे गेला होतात ना आजोबा? काय म्हणाला? दुर्बीण घालू म्हणाला! अरे, दुर्बिणीतून चंद्र दिसेल, घरातला चोर कसा दिसेल? डॉक्टर बघतात आतडं, आम्ही बघतो आत काय दडलं!"

टाळ्या पडल्या. बाबांनी आजोबांना चिमूटभर पांढरी राख चाटवली, वर घोटभर पाणी पाजलं. अर्ध्या मिनिटात आजोबांना खणखणीत ढेकर आला.

"गेला!" बाबा गरजले. "ऐकलंत? दोष बाहेर पडला!"

पुन्हा टाळ्या. ढेकराला टाळ्या मिळणारी जगातली ती एकच जागा असावी.

रांगेत एकेचाळीस नंबरचं टोकन मुठीत धरून डागमावशी उभी होती. एका मोठ्या लाँड्रीत ती बावीस वर्षं डाग काढण्याच्या टेबलावर काम करत होती, म्हणून तिचं हे नाव पडलेलं. शाई, गंज, चहा, रक्त, तेल. डाग नुसता बघून तो कशाचा आणि किती दिवसांचा, हे ती सांगायची. तिचं पोट अगदी ठणठणीत होतं. ती इथे आली होती ती स्वतःतला दोष काढून घ्यायला.

तिची धाकटी बहीण, चिमणी, दोन वर्षं मळमळीने हैराण होती. आई गेली तेव्हा चिमणी सहा वर्षांची होती आणि मावशी सतराची. मावशीने लग्न केलं नाही. चिमणीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. आणि चिमणीनेच हट्टाने ताईला आपल्या घरी ठेवून घेतलं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, शांत माणूस. चिमणी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. स्वयंपाक ताईचा.

एका मोठ्या तापानंतर हे सगळं सुरू झालं. सकाळी डोळे उघडायच्या आधी मळमळ हजर. बूट घालायला वाकलं की आंबट पाणी घशाशी. चार घास खाल्ले की पोट दगडासारखं भरायचं आणि दुपारचं जेवण कधी कधी संध्याकाळी जसंच्या तसं उलटून पडायचं. दुकानात गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याजवळ जाऊन चष्म्याची दांडी कानामागे बसवावी लागे. अत्तराचा वास आला, की ती हसऱ्या चेहऱ्याने "एक मिनिट हं" म्हणायची आणि मागच्या बेसिनकडे धावायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा उतार पडला, मग पुन्हा तेच. आतून तपासणी करू म्हणाले, तेव्हा ती घाबरून घरी आली. "तुला टेन्शन फार," असं तर जो तो सांगायचा. ज्याचं पोट साथ देतं, त्याला दुसऱ्याची मळमळ नाटकच वाटते.

मग एका गिऱ्हाइकाने राखवाल्या बाबांचं नाव सांगितलं. चिमणी गेली. राख चाटली, ढेकर आला आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. ते खोटं नव्हतं. तिथेच ती अडकली.

"अन्न पुढे सरकत नाही ना?" बाबांनी लाल कपडा तिच्यासमोर धरून विचारलं होतं. "कसं सरकेल? कोणीतरी धरून ठेवलंय. जो हात वाढतो, तोच हात अडवतो. घरात एकटी बाई आहे?"

चिमणीची मान खाली गेली. बाबांना तेवढं पुरलं.

त्या संध्याकाळी ताईने मऊ भात वाढला. चिमणीने ताट हळूच पुढे सरकवलं.

"काय झालं गं? जास्त मळमळतंय?"

"नाही. मी माझं मी घेईन, ताई."

दुसऱ्या दिवशी तिने आपली भांडी वेगळी काढली. तिसऱ्या दिवशी ताई स्वयंपाकघरात असली, की ती बाहेर थांबू लागली. आठवड्याने घड्याळवाल्याने मान खाली घालून विषय काढला. "ताई, माझा विश्वास आहे असं नाही. पण तिच्या मनाला जरा बरं वाटेल. थोडे दिवस..."

"अहो, एवढं काय त्यात," ताई म्हणाली. तिने एक बॅग भरली आणि लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायला गेली.

तिथे, वाफेच्या आणि साबणाच्या वासात, ती एकटी विचार करत बसे. चिमणीच्या लग्नात हार घालताना आपण रडलो होतो. ते रडणं नुसत्या मायेचं होतं का? त्यात थोडं, अगदी थोडं, आपल्या वाट्याला हे आलं नाही म्हणून नव्हतं का? मनात आलं होतं खरं. मग असेलही आपल्या हातात काही. ती हात धुवायची. पुन्हा धुवायची. बावीस वर्षं दुसऱ्यांचे डाग काढणाऱ्या बाईला आपल्या हाताला काय लागलंय ते दिसेना.

तिकडे चिमणी राखेवर आणि कोरड्या बिस्किटांवर जगत होती. तीन महिन्यांत तिचं वजन नऊ किलो घटलं. एकदा मावशीने तिला रस्त्यापलीकडून पाहिलं. खांद्यावर पर्स ठरत नव्हती. त्याच दिवशी तिने ठरवलं, की आपणच बाबांकडे जायचं.

"एकेचाळीस!"

मावशी पुढे झाली. बाबांनी तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"काय त्रास?"

"मला नाही. माझ्या बहिणीला. माझ्या हातात दोष असेल तर काढून टाका, बाबा. काय लागेल ते करते."

अशी शिकार बाबांच्या हाती आयती कधी आली नसेल. "ऐका!" ते म्हणाले. "आज चोरानं स्वतः कबुली दिली!"

मावशीचे डोळे भरून आले. तिने मान खाली घातली. बाबांनी उजवीकडच्या चवडीतली एक मातीची वाटी उचलली, तिच्यात पाणी ओतलं. मावशी थुंकली. पिवळा कपडा बुडाला, वर आला. लाल.

लोक हळहळले. बाबांनी कपडा तिच्या नाकासमोर धरला. मावशीने डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

तो लाल रंग तिच्या ओळखीचा होता. रक्ताचा नव्हे, रक्ताचा डाग असा विटकरी नसतो, तो कडेने काळपट वाळतो. हा रंग ती आठवड्यातून दहा वेळा बघत होती. टेबलक्लॉथवर हळदीचा डाग असतो, नवशिकी पोरगी त्यावर धुण्याचा सोडा टाकते, डाग लाल होतो आणि ती किंचाळते, "मावशी, रक्त!" मग मावशी हसून त्यावर आंबट काहीतरी पिळते.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "हा कपडा हळदीचा आहे का?"

"हा साक्षीचा कपडा आहे!"

"असेल. पण रंग हळदीचाच आहे." बाबांच्या आसनाशेजारी त्यांच्यासाठी लिंबाच्या सरबताचा पेला ठेवलेला होता. मावशीने बाबांच्या हातातून कपडा काढून घेतला आणि सरळ त्या पेल्यात बुडवला. कपडा पिवळा झाला.

समोरच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

"दोष गेला बघा," मावशी म्हणाली. "सरबतानं."

"हिला बाधा झालीय!" बाबा ओरडले. "धरा हिला!"

दोन सेवेकरी पुढे आले, पण मावशीने तोवर उजवीकडच्या चवडीतून कोरी वाटी उचलली होती. पिशवीतल्या बाटलीतलं पाणी तिने तिच्यात ओतलं, बोटाने ढवळलं, टेबलावरचा नवा पिवळा कपडा बुडवला. लाल.

"यात कोणी थुंकलेलं नाही," ती लोकांकडे वळून म्हणाली. "हे माझ्या बाटलीतलं प्यायचं पाणी आहे. हे कोणाचा मत्सर करतंय?" मग, ज्यांना बाबा 'बरा झालास' म्हणत त्यांच्यासाठी ते जिथून वाटी घेत, त्या डावीकडच्या चवडीतली एक वाटी घेतली. तेच पाणी, तसाच कपडा. पिवळा तो पिवळाच. "ही बरी झालेल्यांची चवड. उजवीकडच्या वाट्या सोड्याच्या पाण्यात मुरवून वाळवल्यात. माती पिते तो सोडा, दिसत नाही. कोणाला लाल करायचं आणि कोणाला पिवळं ठेवायचं, ते बाबा हात कुठे घालतात त्यावर."

सेवेकऱ्यांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. काही लोक तिच्या मागोमाग उठले. बरेच उठले नाहीत. बेचाळीस नंबरची बाई तर बाबांच्या पायाशी जाऊन बसलीसुद्धा. पण तो म्हातारा बाहेर आला आणि पायरीवर बसून स्वतःशीच म्हणाला, "मी सुनेला काय काय बोललो..."

डागमावशी तिथून थेट चिमणीच्या घरी गेली. येताना तिने उजवीकडच्या चवडीतली एक वाटी पिशवीत घातली होती. ओट्यावर तिने पुन्हा सगळं करून दाखवलं. घड्याळवाला भिंग लावल्यासारखा वाकून बघत होता. चिमणी मात्र ओट्याला टेकून थंड उभी होती.

"आणि राख?" ती म्हणाली. "राखेनं मला बरं वाटतं, ताई. ते पण खोटं?"

दुसऱ्या दिवशी मावशी तिला दवाखान्यात घेऊन गेली; उत्तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. त्यांनी पुडीतली राख पेल्यात टाकून वर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला.

"खाण्याचा सोडा. तुम्हाला बरं वाटत होतं ते खरंच होतं. पोटातलं आम्ल सोड्यानं मरतं, त्यातून वायू होतो, ढेकर येतो, जळजळ थांबते. तासाभरात सगळं परत येतं, आणि मग आणखी एक चिमूट. पाय सुजलेत ना? सोडा म्हणजे एक प्रकारचं मीठच, एवढं शरीरात गेल्यावर सुजणारच."

मग तपासण्या झाल्या. दुर्बिणीची झाली, चिमणी ताईचा हात घट्ट धरून होती. दुसरीत तिला ठरावीक नाश्ता देऊन चार तास दर तासाने पोटाची छायाचित्रं घेतली. चार तासांनी पोट जवळजवळ रिकामं व्हायला हवं होतं. तिचं तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरलेलं होतं.

"पोटाचे स्नायू अन्न घुसळून पुढे ढकलतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचे मंदावलेत. त्या तापात तिथली नस दुखावली असावी, पण नक्की सांगता येत नाही. अन्न थांबतं, म्हणून आम्ल वर येतं, म्हणून मळमळ."

"कधी बरं होईल?"

"पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. काहींचं हळूहळू सुधारतं, काहींचं नाही. सांभाळता मात्र नक्की येईल. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मऊ, पातळ, तेलातुपाशिवाय. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, जरा चालायचं. उशाकडून पलंग वीतभर उचला. गोळ्या वेळेवर. आणि वाईट दिवस आला की स्वतःला दोष द्यायचा नाही."

बाहेरच्या बाकावर चिमणी तपासणीचे कागद मांडीवर घेऊन बसली.

"म्हणजे कोणीच नाही?" तिने विचारलं. "माझ्या या त्रासाला जबाबदार असं कोणीच नाही?"

"कोणीच नाही गं."

तेव्हा ती रडली. आजाराला तोंड असतं, नाव असतं, तर निदान भांडता आलं असतं. ते नव्हतं म्हणून तिने जवळचं तोंड आणि जवळचं नाव घेतलं होतं. "मग मी तुला कशासाठी घालवलं, ताई?"

ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण "जाऊ दे, झालं गेलं" हे शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. प्रयत्न करूनही निघाले नाहीत.

वर्ष झालं. चिमणीचं चार किलो वजन परत आलं. आठवड्यातले तीन-चार दिवस बरे जातात, बाकीचे कसेबसे. बाबांनी सभागृह सोडलं आणि दुसऱ्या गावात धरलं, असं ऐकू येतं.

परवा दुकानात एक तरुण मुलगी चष्मा घ्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, की आईच्या पोटाचं फार चाललंय, आणि एका जाणत्या माणसाने सांगितलंय की हा काकूचा हात आहे. चिमणीने हातातली फ्रेम खाली ठेवली.

"बसा जरा," ती म्हणाली. "मला रोज मळमळतं. आत्तासुद्धा मळमळतंय. तरी सांगते ते ऐका. उपाय सांगायच्या आधी जो तुम्हाला शत्रू सांगतो, त्याच्यासमोरून उठा. राखेनं बरं वाटलं तर राखेत काय आहे ते विचारा. कपडा लाल झाला तर वाटी तुमची घ्या, पाणी तुमचं घ्या, आणि पुन्हा करून दाखवा म्हणा. जो खरा असेल तो पुन्हा करून दाखवेल. जो चिडेल, तो खोटा. आणि आईला डॉक्टरकडे न्या. उद्या नाही, आज. डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाले तरी चालेल, त्यात कोणाचं घर मोडत नाही."

मुलगी थोडी ओशाळली. "तुमच्या घरी झालं होतं का असं?"

"हो," चिमणी म्हणाली. "माझी ताई रोज संध्याकाळी येते. मला पेज करून देते, समोर बसून खाऊ घालते. मग बॅग उचलून लाँड्रीवरच्या खोलीत जाते. राहा म्हणून मी रोज सांगते. ती हसते आणि जाते."

तिने फ्रेम पुन्हा उचलली, काच फुंकर मारून पुसली आणि मुलीच्या कानामागे हलकेच दांडी बसवली.