नारळ कुठे फोडावा

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. जळगावच्या एमआयडीसीत आमची कंपनी छोट्या डाळगिरण्या बनवते. गिरणीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीतून जी पुस्तिका जाते, ती माझी. गिरणी डुगडुगू नये म्हणून तिची घडी पायाखाली ठेवतात, हा तिचा पहिला उपयोग. दुसरा पुढे येईलच.

या कामाने डोकं बिघडतं. सगळ्याचीच पुस्तिका सुचायला लागते. आमचे हे: सकाळी चालू करण्यापूर्वी चहा भरावा. पेपर वाचताना झाकण उघडू नये. घरघर ऐकू आल्यास घाबरू नये, बिघाड नाही. मेहरूणहून मला कामावर आणणारी रिक्षा: ब्रेक लावल्याचा आवाज येईल, तेवढ्यावर विसंबू नये.

पोळा झाल्यावर एक दिवस मंजुळाबाई आल्या. धुळ्याकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. जुन्या लुगड्यात बांधलेलं गिरणीचं पॅनेल, म्हणजे बटणांची पेटी, मांडीवर घेऊन एसटीने आलेल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेतलेली गिरणी बंद पडली होती. मूग-उडीद घरात येऊन पडलेला, आणि बाया डोक्यावर पोती घेऊन शेजारच्या गावच्या गिरणीकडे निघालेल्या. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पेटी उघडली तर आत मुंग्या. मेलेल्या, तारांना चिकटलेल्या.

"पाणी गेलंय," विक्रीप्रमुख प्रेमराज म्हणाला. "गोड काहीतरी."

कंपनीचे मालक शालिग्रामशेठनी पुस्तिका मागवली. दुसरा उपयोग हा. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असलं की कंपनीत माझं साहित्य मोठ्या आवडीने वाचलं जातं. शेठनी चष्मा लावून वाचलं, "पॅनेलमध्ये पाणी गेल्यास गॅरंटी राहणार नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दिपमालाताई, किती स्वच्छ लिहिता हो तुम्ही."

मंजुळाबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "शेठ, आम्ही पानी नही टाकं. बठ्ठ्या बाया साक्षीले शेत."

"मावशी, नियम म्हणजे नियम."

तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. भुसावळचे सुकदेवनाना नवी गिरणी न्यायला आले होते. शेठ उठले. आमच्याकडे पूजा केल्याशिवाय यंत्र हलत नाही. मंजुळाबाईंनाही म्हणाले, "चला मावशी, प्रसाद तरी घेऊन जा." नकार दिलेल्या माणसाला खोबरं द्यायला शेठ कधी विसरत नाहीत.

गिरणीला हार घातला, कुंकू लावलं. प्रेमराजने नारळ उचलला आणि हाताशी येणाऱ्या लोखंडी कोपऱ्यावर, म्हणजे पॅनेलच्याच कोपऱ्यावर, आपटला. पाणी फटीतून आत गेलं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, सवयीने.

मंजुळाबाईंनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि प्रेमराजकडे बघत सुकदेवनानांना म्हणाल्या, "आमना गावले बी हाऊच भाऊ उना व्हता. गिरणीवर नारळ असाच फोडा व्हता."

नाना खोबरं चावायचे थांबले. त्यांनी पॅनेलकडे पाहिलं. "शेठ, मग माझी गॅरंटी संपली का? टेम्पोत चढायच्या आधीच?"

"अहो नाना, ते पाणी वेगळं. हे देवाचं."

"पुस्तकात तसं लिहिलंय का, ताई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्षानुवर्षं लिहिते आहे, पण वाचकाने प्रश्न विचारल्याची ही पहिलीच वेळ.

"नाही नाना," मी म्हटलं. "पाणी म्हणजे पाणीच लिहिलंय."

शेठनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग दोन्ही पॅनेल कंपनीच्या खर्चाने नवीन बसतील असं जाहीर केलं, आणि अशा सुरात की कल्पना मुळात त्यांचीच. नानांनी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. त्या कुणासाठी होत्या, ते शेठनी विचारलं नाही.

मला नवं पान लिहायचा हुकूम झाला. "पण पूजा करू नका असं नको, लोक दुखावतील. नारळ शब्दही नको." मी लिहिलं होतं: नारळ उंबऱ्यावर फोडावा, पाणी पिऊन टाकावे. छापून आलं: यंत्रावर अनावश्यक ओलावा टाळावा.

आठवड्याने मंजुळाबाईंचा फोन आला. मागे गिरणीची घरघर. पॅनेल बसवायला फिटरबरोबर प्रेमराजही गेला होता, हातात नारळ घेऊन.

"मग?"

"नारळ काढी लिना तेना हातमाईन. उंबरठावर फोडा. पानी तेलेच पाजं. म्हटलं, भाऊ, आते बस आठेच, मशीनले हात लावू नको."

"आणि नवी पुस्तिका मिळाली ना?"

"मिळनी ना ताई. पायखाले ठेवी शे. आते गिरणी जराबी हालत नही."