दर शनिवारचं सारवण

मेधाने शेणाची बादली खाली ठेवली आणि फोनवर नवऱ्याला सांगितलं, "उल्हास, जमलं रे! या खेपेला भेग नाही पडली!"

"अगं, पण शेण?" कावासाकीच्या घरून उल्हास म्हणाला. "ऑफिसात काय सांगू? बायको डोंगरात जाऊन शेणात हात घालतेय?"

"हेच सांग. खरंच आहे ते."

आता उल्हास काही वाईट माणूस नव्हे. पण त्याच्या नोकरीपायी मेधा जपानला आली, आणि तेव्हापासून सगळीकडे तिची ओळख एकच, 'उल्हास-सान यांच्या मिसेस'. मुंबईत शिकलेली चित्रकला कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरमागे नोकरी करता करता पार गंजून गेली होती. डोंगरातल्या या खेड्यात कलाकारांना महिनाभर राहून काम करता येतं, शेवटी सगळ्यांचं प्रदर्शन असतं, हे कळल्यावर तिने अर्ज ठोकून दिला, आणि निवड झालीसुद्धा! बाकीच्यांना छान उजेडाच्या खोल्या मिळाल्या. हिच्या वाट्याला आली जुन्या घरातली दोमा, म्हणजे चुलीपुढची मातीची जमीन. मेधा उलट हरखली. लहानपणी सुट्टीत मामीबरोबर सारवलेलं तिला आठवलं, आणि तिने ठरवून टाकलं, आपलं चित्र भिंतीवर नाही, पायाखाली.

शेजारच्या गोठ्यातलं शेण मेलं फारच पातळ निघालं. पहिलं सारवण तडकलं, दुसऱ्याचे पोपडे निघाले. मग तिने माती आणि भुसा वाढवला. आता दारापासून चुलीपर्यंत हाताचे अर्धगोल वळसे काय देखणे उमटले होते!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संचालक मियाता-सान आले. अनवाणी उभे राहिले, वाकून जमिनीवरून हात फिरवला.

"सुंदर! टिकेल किती?"

मेधा चाचरली. "आठवडाभर. मग पुन्हा सारवायचं."

"पण प्रदर्शन दोन महिने आहे, आणि तुम्ही परवा जाणार. माझ्याकडे माणूस नाही, मेधा-सान. उखडलेली जमीन मी लोकांना कशी दाखवू? काही सोय झाली नाही, तर ही खोली बंद ठेवावी लागेल."

मेधाचा चेहराच उतरला. दर शनिवारी ती येईलही, पण एकटीने कालवायचं, वाहायचं, सारवायचं आणि शेवटची गाडी गाठायची, कसं निभायचं? इतक्या वर्षांनी हाताला आलेलं काम असं दाराआड जाणार म्हणून तिला रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय?" दारात उल्हास उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात चकल्यांचा डबा. उद्घाटनासाठी आला होता, आणि सगळं ऐकलं होतं त्याने. मग त्याची नजर खाली गेली आणि तो बघतच राहिला.

"हे तू केलंस?"

"मग कोणी? तुझ्या ऑफिसने?" मेधा करवादली.

उल्हासने डबा ठेवला, मियाता-सानना वाकून नमस्कार केला. "दर शनिवारी आम्ही दोघं येऊ. बादल्या मी उचलेन."

मेधाला हसावं की रडावं कळेना.

पहिल्याच शनिवारी गडी उत्साहाने सारवत सुटला तो थेट चुलीच्या कोपऱ्यात जाऊन अडकला. पुढे सगळी ओली जमीन, दार पलीकडे.

"अरे, दाराकडे मागे सरकत यायचं, सांगितलं होतं ना!" मेधा ओरडली. "बस आता वाळेपर्यंत तिथेच."

प्रदर्शन बघायला आलेल्या गावातल्या दोन आजीबाई दारातून डोकावल्या. "हे कोण गं?" एकीने विचारलं.

"मेधा-सान यांचे मिस्टर," दुसरी म्हणाली.

उल्हासने शेणाने भरलेला हात वर करून त्यांना हसून नमस्कार केला.