मानवेलने हात वर केला

“म्हणजे तू हात वर केलास?”

“सगळ्यांनीच केला, एमिली.”

“सगळ्यांचं मला सांगू नकोस. सगळ्यांनी फ्रान्सची तिकिटं काढली नव्हती. आपण काढली होती!”

मानवेल मागच्या दाराच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात तो फिटर आहे. रोज सायकलने जातो, सायकलने येतो, आणि आल्यावर बूट काढायला इतका वेळ लावतो की तेवढ्यात माझी भाजी शिजून होते. त्या दिवशी तर त्याला त्या नाड्यांतून मान वर काढायचीच नव्हती.

झालं होतं ते असं. त्या वर्षी, म्हणजे पंचाण्णव साली, फ्रान्सने जाहीर केलं की आम्ही पॅसिफिक समुद्रात पुन्हा अणुबाँब फोडून बघणार. सगळा ऑस्ट्रेलिया पेटून उठला. आमच्या वॉलॉंगॉंगमध्ये मोर्चे निघाले. कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी माणसाच्या पावाच्या दुकानावर ‘फ्रेंच ब्रेड’ अशी पाटी होती, तर कुणीतरी काचेवर काहीबाही लिहून गेलं. बिचाऱ्याने पाटी उतरवली. त्याचा आणि अणुबाँबचा काय संबंध? आणि मग कारखान्यात युनियनची मीटिंग झाली, दहाच्या चहाला, ज्याला इथे स्मोको म्हणतात. ठराव आला, की चाचण्या थांबेपर्यंत कुणी फ्रान्सचा माल घेणार नाही आणि कुणी फ्रान्समध्ये पाय ठेवणार नाही. ठराव मांडला टेरीने, म्हणजे मानवेलच्याच कामातल्या जोडीदाराने. आणि आमच्या या शहाण्याने हात वर केला.

सप्टेंबरमध्ये आम्ही निघणार होतो. सायकलने. आम्ही दोघंच, गाईड नाही, बस नाही, ग्रुप नाही.

आता हे खूळ आलं कुठून तेही सांगते. टीव्हीवर दर जुलैत संध्याकाळी फ्रान्समधली ती सायकलींची शर्यत दाखवतात. मानवेल न चुकता बघायचा. मला वाटायचं, सायकलवेडा आहे, बघू दे. पण शर्यतीकडे त्याचं लक्षच नसायचं. कोण पुढे, कोण मागे, विचारलं तर सांगता यायचं नाही. हेलिकॉप्टरमधून एखादं गाव दिसलं की हा खुर्चीत पुढे सरकायचा.

“बघ बघ, मध्ये चर्च, भोवती घरं, मग वाड्या. आपलं भुईगावच की गं!”

“मग भुईगावला जा. तिकीट स्वस्त पडेल,” मी म्हणायचे.

पण आम्ही भुईगावला, त्याच्या गावी, गेलो होतो ना, दोन वर्षांपूर्वी. वसईत लहानपणी हा पहाटे सायकलला केळीचे घड बांधून वाड्यावाड्यांतून स्टेशनवर पोचवायचा. ती वाट त्याला मला दाखवायची होती. सापडलीच नाही. त्याच्या भावाच्या वाडीला लागून सात मजल्यांची इमारत उभी, विहिरींवर सिमेंटची झाकणं. परत आल्यावर मानवेलने फ्रान्सचे नकाशे मागवले.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. त्या नकाशांवर मोठे रस्ते लाल असतात, त्याहून लहान पिवळे आणि अगदीच बारके ते पांढरे. मानवेलला फक्त पांढरे हवे होते. ल्वार नदीच्या काठाने सुरुवात करायची, मग दक्षिणेला वळायचं, वाटेत शेतकऱ्यांच्या घरी उतरायचं. पत्रं पाठवली. उत्तरं फ्रेंचमध्ये आली. एकाने खोली आहे म्हटलं पण महिना चुकीचा लिहिला. एकीने नुसता बदकांचा फोटो पाठवला, आता त्याचा अर्थ काय घ्यायचा? विमानात सायकल न्यायची तर खोक्यात हवी, म्हणून हा सायकलच्या दुकानांतून रिकामी खोकी मागत फिरला, आणि कॅसँड्राची खोली खोक्यांनी भरली. आमची लेक युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीला जाते. तिने एका वाक्यात निकाल दिला, “डॅड, दिस इज इन्सेन.”

आणि या सगळ्यात एक अडचण होती. मला सायकल येत नव्हती.

आमच्या घरात सायकल भावांना मिळाली, मला नाही. म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी, हॉस्पिटलातली सिस्टर, समुद्राकाठच्या सायकलच्या रस्त्यावर शिकायला निघाली. मानवेल सीट धरून मागून धावतोय, मी ओरडतेय, “सोडू नकोस, मेल्या, सोडू नकोस!” आणि घट्ट चड्ड्या घातलेले म्हातारे घंटा वाजवत बाजूने सर्रकन निघून जाताहेत. किनाऱ्यावरच्या सर्फ क्लबासमोर भर रविवारी मी आडवी झाले. गुडघ्याचं ड्रेसिंग माझं मीच केलं. किती वेळा म्हटलं, खड्ड्यात गेला तुझा फ्रान्स. पण एक दिवस मागे वळून बघते तर मानवेल लांब उभा, कंबरेवर हात ठेवून हसतोय, आणि मी एकटीच चालवतेय! त्या दिवसापासून ती ट्रिप माझी झाली. खरं सांगते, त्याच्याहून जास्त माझी झाली. वॉर्डात नाइट शिफ्टलासुद्धा मी त्या पांढऱ्या रस्त्यांवर असायचे.

आणि याने हात वर केला. मला न विचारता!

“बरं, केलास तर केलास,” मी पायरीशी उभी राहून म्हटलं. “हळूच जाऊन येऊ. कोण विचारणार आहे?”

“मी रजा परत दिली,” मानवेल बुटांना म्हणाला.

“काय?”

“माझी लाँग सर्व्हिस लीव्ह. फोरमनला सांगितलं, सप्टेंबर दुसऱ्या कुणाला दे. तू एजंटकडे जाऊन तिकिटं रद्द करशील?”

इतक्या वर्षांच्या नोकरीची साठलेली रजा, आणि या माणसाने ती चहाच्या सुट्टीत देऊन टाकली. मला भयंकर राग आला. म्हटलं, “भाजी करपली,” आणि आत गेले. भाजी काही करपली नव्हती.

पुढचे काही दिवस आमच्या घरात मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलणं झालं. मी तिकिटं रद्द करायला गेले नाही. जाते, जाते म्हणत राहिले.

शनिवारी दुपारी टेरी आला. आमची शिडी नेली होती, ती परत द्यायला. टेबलावर नकाशे अजून तसेच होते, कारण उचलायला मी तयार नव्हते आणि मानवेलचं धाडस नव्हतं.

“सो व्हेन आर यू टू ऑफ?” टेरीने विचारलं.

मी मानवेलकडे बघितलं. म्हटलं, सांग आता तूच.

“नॉट गोइंग,” मानवेल म्हणाला. “वुई वोटेड.”

टेरीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो हसायला लागला, इतका की त्याला खोकला आला. पाणी मलाच द्यावं लागलं. “मेट, दॅट वॉज जस्ट अ वोट!” म्हणाला. त्याचं पुढे सुरूच, की अरे, तो ठराव पेपरात छापून यायला होता, वरच्या साहेबांनी फ्रेंच वाइन पिऊ नये म्हणून होता, तुझ्या सायकलच्या ट्रिपसाठी थोडाच होता! आमच्यातला तो अमका ख्रिसमसला जातोय पॅरिसला, त्यानेही हात वर केलाच होता की. मीसुद्धा काल फ्रेंच चीज खाल्लं. रजेचं बघतो मी, सोमवारी फोरमनला सांगतो, “नो वरीज.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. वाटलं, या टेरीला जेवायलाच थांबवावं. कोंबडी बाहेर काढायला मी फ्रीजचं दार उघडलंसुद्धा.

“नो, टेरी,” मानवेल म्हणाला. “आय पुट माय हँड अप.”

आवाज चढवला नाही, टोमणा नव्हता, काही नव्हतं. शिडी कुठे ठेवू असं विचारावं तसं म्हणाला. पण टेरीचं हसू थांबलं. त्याने मान खाजवली, माझ्याकडे बघितलं, नकाशांकडे बघितलं आणि “राइट” म्हणून निघून गेला.

मी फ्रीजचं दार आपटलं.

“तो ठराव ज्याने मांडला तो सांगतोय की जा! तुला कुणी सांगितलं हरिश्चंद्र व्हायला? की भीती वाटते? तुझ्या एकट्याचा हात खाली राहिला असता तर काय केलं असतं त्यांनी, खाल्लं असतं?”

“हो,” मानवेल म्हणाला, “भीतीच वाटली. सगळे हात वर. माझ्या एकट्याचा खाली राहिला असता तर म्हणाले असते, बघा, हा बाहेरचा तो बाहेरचाच.”

असं सरळ कबूल केल्यावर भांडायचं कसं?

“पण मग वर केल्यावर वाटलं,” तो नकाशाची घडी घालत म्हणाला, “बरोबरच आहे. स्वतःच्या गावाजवळ नाही फोडत ते. दुसऱ्याच्या समुद्रात फोडतात, तिथल्या मासेमारांना कोणी विचारलं? आपल्या वाड्या गेल्या तेव्हा आपल्याला तरी कोणी विचारलं? टेरीचा हात टेरीपाशी. मला काय माहीत तो नुसताच वर केला होता. मी नुसता नाही केला.”

“आणि त्या पांढऱ्या रस्त्यांनी काय घोडं मारलंय तुझं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “मला जायचंय गं. तुला काय वाटतं, मला नाही जायचं?”

त्याचे डोळे भरले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला मी त्याच्या आईच्या मातीला सोडून कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. ही चांगली माणसं अशीच असतात, स्वतःही उपाशी राहतात आणि बायकोलाही ठेवतात.

“मी कुठे हात वर केला होता?” मी म्हटलं.

“नाही केलास.”

“मला कुणी विचारलं?”

“नाही विचारलं. मी पण नाही विचारलं.”

“मग मी जाते!”

“एकटी?”

“एकटी.”

रागात बोलून गेले. सर्फ क्लबासमोर पडणारी बाई मी, फ्रेंच येतं ते लायब्ररीच्या कॅसेटवरून ‘पाणी मिळेल का’ एवढंच. मला वाटलं, तो म्हणेल, वेडी आहेस का. तेवढंच हवं होतं मला, सुटले असते. पण तो म्हणाला, “जा. खरंच जा, एमिली.”

सोमवारी मी एजंटकडे गेले आणि एकच तिकीट रद्द केलं.

“मॉम, यू? ऑन युअर ओन?” कॅसँड्रा म्हणाली, आणि तिच्या खोलीतलं एक खोकं स्वतःच ओढत बाहेर घेऊन आली. मानवेलने नकाशांवर माझ्यासाठी रोजचा टप्पा कमी केला, चढ टाळले, रविवारी मिस्सा कुठे मिळेल तिथे पेन्सिलने क्रूस काढला. कारखान्यातही त्याने स्वतःच सांगितलं, स्मोकोला, सगळ्यांसमोर. “माय वाइफ इज गोइंग. शी डिडन्ट वोट.”

“मग?” मी विचारलं.

“हसले सगळे. टेरी म्हणाला, गुड ऑन हर.”

“आणि तू?”

“मी पण हसलो.”

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने मला मागच्या अंगणात बोलावलं. माझी सायकल उलटी करून ठेवली होती आणि मागच्या चाकातली हवा सोडून दिली होती.

“पंक्चर झालंय समज,” तो म्हणाला. “गावात कोणी नाही. मी नाही. काढ.”

“आत्ता? माझी बॅग भरायचीय, मानवेल!”

“काढ.”

दुधाचा रिकामा क्रेट पालथा घालून तो समोर बसला. मी चाक सोडवलं तर चेन अडकली. बोटं काळी झाली, टायर निघता निघेना. तो दोनदा उठला आणि दोनदा परत बसला. शेवटी त्याने दोन्ही पंजे काखेत घट्ट दाबून धरले, एवढं थंड काही नव्हतं. मी त्याला, टायरला, फ्रान्सच्या सरकारला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ट्यूब काढली, पॅच लावला, टायर बसवला. चाक उलटं लागलं, परत काढलं. पंप मारून मारून हात भरून आले. घामाघूम होऊन मी उठले आणि म्हटलं, “झालं. बघ.”

त्याने अंगठ्याने टायर दाबून बघितला. चाक गोल फिरवलं, कान लावून ऐकलं.

“छान झालं,” तो म्हणाला.

मग त्याने वाकून सगळी हवा सोडून दिली, आणि परत जाऊन क्रेटवर बसला.

“पुन्हा कर,” म्हणाला.