भिंतीतलं पान

"छिन्नी खाली ठेवा आधी!" मी ओरडले. गवंडी गुरुसिद्धप्पांचा हात थांबला, पण एक घाव बसून गेला होता. टाइलच्या कोपऱ्याचा टवका उडाला.

"बाई, तुमी मधी पडू नका की. सायबांनी सांगितलंय."

साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह. दुपारी पाहुण्यांच्या हस्ते भिंतीचं उद्घाटन, आणि सकाळी ह्यांना साक्षात्कार झाला की त्यातली एक टाइल काढायची. दानेश्वरीची.

ती भिंत आठवी-नववीच्या पोरांची. कुंभाराकडची माती त्यांनीच पायांनी तुडवली, टाइली थापल्या, सावलीत वाळवल्या. चित्रकलेची बाई म्हणून मी एकच अट घातली होती. घरातल्या कामाची वस्तू आणायची आणि ओल्या मातीत तिचा ठसा उमटवायचा. मल्हारने मेंढीच्या गळ्यातली घंटी दाबली, पूनमने बापाच्या मागावरचा धोटा. दानेश्वरीने बिडीचं पान आणलं. तिची आई घरी बिड्या वळते. पानाच्या शिरा अशा काही उमटल्या की भट्टीतून निघाल्यावर पोरं त्यावर बोट फिरवत राहिली. "का बे, तुझ्यापेक्षा भारी आलंय की!" असं एकमेकांना डिवचत होती.

दानेश्वरीच्या आईने, बाळाबाईने, आजवर शाळेचं फाटक ओलांडलं नव्हतं. आज ती टाइल बघायला येणार होती. पोरगी सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून बसली होती.

"फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' बोर्ड, आणि आत भिंतीवर बिडी?" उदयसिंह म्हणाले. "पाहुणे काय म्हणतील?"

"बिडी नाही, पान आहे ते. निम्म्या वर्गाच्या आया त्यावर घर चालवतात."

"म्हणून काय शाळेत मिरवायचं?"

गालात माव्याचा तोबरा धरून तंबाखूमुक्तीवर बोलत होता हा माणूस! माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"आधी तोंडातलं थुंकून या, मग बोला."

"नोकरी करायचीय ना, बाई?"

मुख्याध्यापकांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. मी हात झटकून परत येईपर्यंत छिन्नी पुन्हा चालली होती. टाइल तुकडे तुकडे होऊन निघाली. दानेश्वरीने ते एकेक करून ओढणीत वेचले. ती रडली नाही, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. गुरुसिद्धप्पांनी खळग्यात सिमेंट भरलं, वरून थापी फिरवली, ती कठड्यावर ठेवली आणि ते हात धुवायला नळावर गेले.

तेवढ्यात बाळाबाई आली. कारखान्यातून तोलून मिळालेली नवी पानं आणि तंबाखू घेऊन, तशीच पिशवीसकट.

"कुटं हाय गं तुजं पान?"

दानेश्वरीने ओढणी उघडली. बाळाबाईने तुकडे बघितले, मग भिंतीतला ओला चौकोन बघितला.

"कारखान्यात रोज छाट काढत्यात माजी," ती म्हणाली. "चांगल्या बिड्याबी चेकर बाजूला फेकतो. तोंड उघडायची सोय न्हाय. हितंबी चेकर हायच की, बाई."

तिने पिशवीतून एक पान काढलं, चांगलं निवडून.

"अव्वा, नको," दानेश्वरी पुटपुटली.

बाळाबाईने पान ओल्या सिमेंटवर ठेवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी मधल्या शिरेपासून कडांपर्यंत दाबत नेलं. बिड्या वळून वळून घट्टे पडलेले अंगठे ते.

"ए बाई! काय चाललंय?" उदयसिंह धावत आले. "गुरुसिद्धप्पा, थापी फिरव त्याच्यावर!"

गुरुसिद्धप्पा नळावरून आले. थापी कठड्यावर नव्हती. ती माझ्या हातात होती, सिमेंटने भरलेली, आणि मी ती चांगल्या साडीला घट्ट धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. थापी मागितली नाही.

"द्या ती इकडे!" उदयसिंह ओरडले.

"देत नाही. काय करायचं ते करा."

बाहेर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. उदयसिंहांनी मावा तिथेच कोपऱ्यात थुंकला आणि ते हसरा चेहरा करून फाटकाकडे पळाले.

बाळाबाईला कुणाचीच घाई नव्हती. देठाला धरून तिने पान अलगद सोडवलं. सिमेंटात शीर न् शीर उमटली होती. मग तिने ते पान पदराने नीट पुसलं आणि परत पिशवीत ठेवलं. पान कारखान्याचं होतं.