दोघींच्या हातची बिली-बिली

देनेयोमचा नवरा जिमतोला वारला त्याला वर्ष होत आलं, तेव्हा त्याची थोरली बहीण ओनोरीन एके दिवशी सकाळीच देनेयोमच्या अंगणात येऊन बसली. देनेयोम लाल ज्वारी पाखडत होती. वर्षभराचं काळं लुगडं अंगावर विटून गेलं होतं.

"दुःख सोडायचा दिवस ठरला," ओनोरीन म्हणाली. "पुढच्या शनिवारी. बिलीसाठी ज्वारी कधी भिजत घालतेस?"

"आजच घालते की, वन्सं."

"आज नको. उद्या दुपारपर्यंत नेरोलेल येतेय दोबाहून."

देनेयोमच्या हातातलं सूप तसंच राहिलं. नेरोलेल म्हणजे तिची सवत. सहा वर्षांपूर्वी याच अंगणातून ती डोक्यावर गाठोडं घेऊन बाहेर पडली होती, आणि ते गाठोडं तिच्या डोक्यावर आपटलं होतं ते या ओनोरीननंच.

"तिला कशाला बोलावलं?"

"मी बोलावलं नाही. म्हाताऱ्यांनी बोलावलं. त्याला दोन बायका होत्या, तर त्याची शेवटची बिली दोघींच्या हातची व्हायला हवी म्हणतात. एकीनंच केली तर तो अर्धाच जेवून उठला असं होईल." ओनोरीननं तपकिरीची चिमूट ओठाखाली धरली. "मलाही ते तोंड बघायची हौस नाही. पण चार दिवस सोस."

देनेयोम पुन्हा ज्वारी पाखडू लागली. अख्ख्या गावात तिच्यासारखी बिली-बिली, म्हणजे ज्वारीची दारू, कुणाची होत नसे. बाजाराच्या दिवशी तिच्या आंब्याखाली बाकडी पुरत नसत. मुंदूहून येणारे ट्रकवालेसुद्धा गाडी थांबवून भोपळ्याचा एक तुंबा पिऊन पुढे जात. पण हे सगळं ज्या पिंपात शिजायचं, त्याच पिंपाजवळ तिची लारलेम गेली होती. चार वर्षांची पोर, एकुलती एक. उकळत्या रसात पडली आणि दोन दिवस तळमळून गेली. त्या दिवशी चुलीची पाळी नेरोलेलची होती. गावानं एवढंच पाहिलं, आणि देनेयोमनं गावाला एवढंच सांगितलं.

नेरोलेल दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून आली. तिच्याही अंगावर काळं होतं. गेली तेव्हा ती काडीसारखी होती. आता अंगानं भरली होती, कानशिलाजवळ दोनचार केस पांढरे झाले होते. अंगणाच्या कडेला चपला काढून ती उभी राहिली.

"येऊ का, आक्का?"

"ये."

"पाणी कुठून आणता आता?"

"बोअरवरून. विहीर बुजवली."

त्या दिवशी दोघींत एवढंच बोलणं झालं. ज्वारी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी उपसून चटईवर पसरली, वर केळीची पानं झाकली. तीन दिवस मोड यायची वाट बघायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं, हातानं खालवर करायचं. हात जुने होते, सांगावं लागत नव्हतं. एक पान उचली, दुसरी पाणी शिंपडी. शेजारच्या बायका काहीतरी मागायच्या निमित्तानं डोकावून जात आणि त्या दोघी भांडत नाहीत हे पाहून हिरमुसून परतत.

एकीनं तर विचारलंच. "काय गं नेरोलेल, तिकडे दोबाला तुझं बरं चाललंय म्हणे. पेट्रोल कंपनीचे साहेब येतात का प्यायला?"

"येतात. तुझा नवराही येतो," नेरोलेल म्हणाली. "उभ्यानंच पितो, घाईत असतो."

ती बाई निघून गेली. देनेयोमला हसू आलं होतं, ते तिनं मान वळवून दाबलं. एके काळी या पोरीच्या अशा बोलण्यावर दोघी पोट धरून हसायच्या. जिमतोला नदीवरून मासे घेऊन यायचा आणि म्हणायचा, सवती अशा असतात होय, मला तर कुणी विचारतच नाही.

मोड आले, वाळले, गिरणीतून पीठ आलं. गुरुवारी पिठात पाणी घालून त्यात झाडाच्या सालीचा बुळबुळीत रस मिसळला, म्हणजे गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. शुक्रवारी सकाळी तो रस गाळून मोठ्या पिंपात चढवला. लाकडं पेटली. आता दुपार कलेपर्यंत उकळत ठेवायचं, फेस काढत राहायचं.

देनेयोमच्या एक गोष्ट लक्षात आली. नेरोलेल पिंपाच्या अगदी जवळ जात नव्हती. लांब दांड्याचा डाव घेऊन, हात पूर्ण ताणून फेस काढत होती. आणि चुलीभोवती तिनं, कुणी सांगितलं नसताना, चारी बाजूंनी लाकडाचे ओंडके रचून ठेवले होते. गुडघ्याएवढं कुंपणच.

दुपारी शेजारची एक लहान मुलगी कोंबडीमागे धावत अंगणात शिरली. कोंबडी चुलीकडे वळली, मुलगीही वळली. ओंडक्यांपर्यंत पोचायच्या आत नेरोलेलनं डाव टाकून तिला दंडाला धरून उचललं आणि थेट अंगणाबाहेर नेऊन सोडलं. पोर भेदरून रडत पळाली. परत येऊन नेरोलेलनं ओंडके हलवून पाहिले. ती आंब्याच्या मुळावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

देनेयोम पिंपाच्या पलीकडे उभी होती. मधे वाफ होती. सहा वर्षं तिनं जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढायला तिला फार कष्ट पडले नाहीत, याचंच तिला पुढे नवल वाटत राहिलं.

"त्या दिवशी तुला विहिरीवर मी पाठवलं होतं."

नेरोलेलनं वर पाहिलं नाही.

"तू म्हणालीस, पोर इथं खेळतेय. मी म्हणाले, तू जा, मी बघते. मग ते कापूस कंपनीचे दोघे आले प्यायला. मी त्यांना ओतून देत होते. त्यातला एक काहीतरी सांगत होता आणि मी हसत होते, नेरोलेल. पोर ओरडली तेव्हा मी हसत होते."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे? तुला कुठून माहीत? तू विहिरीवर होतीस."

"हसण्याचं नव्हतं माहीत. बाकीचं होतं. मला कुणी पाठवलं आणि बघते कोण म्हणालं, हे मला माहीत नसेल का?"

पिंपातला रस उतू येऊ लागला. देनेयोमनं डाव उचलून फेस काढला. हाताला सवय होती म्हणून काढला गेला.

"मग बोलली का नाहीस? तुझं गाठोडं फेकलं, तुला नको नको ते बोलले. मी बोलले."

"बोलले होते. मला काढलं त्याच दिवशी बोलले. त्यांना."

"कुणाला?"

"घरात दुसरं होतं कोण, आक्का?" नेरोलेल आता तिच्याकडे बघत होती. "ते म्हणाले, तिची पोर गेलीय, आत्ता नको. आत्ता सांगितलं तर ती नदीत उडी टाकेल. जरा दिवस जाऊ देत, मग मी स्वतः सांगतो सगळ्यांना आणि तुला घेऊन येतो. दर महिन्याला सायकल मारत दोबाला यायचे. दर वेळी मी विचारायची. दर वेळी म्हणायचे, आत्ता नको."

देनेयोम खाली बसली. जिमतोला दर महिन्याला दोबाला जायचा तेव्हा ती दोन दिवस चूल पेटवत नसे. तो परत आला की त्याच्यासमोर पातेली आपटी. म्हणे, आपली पोर मारणारीच्या अंथरुणात लोळून आलास. तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा. तिला वाटायचं, लाज वाटते म्हणून मान खाली आहे. पाच वर्षं तो तिच्या शेजारी झोपला, तिच्या हातचं जेवला, तापानं फणफणत तिच्याच मांडीवर मेला. सगळं ठाऊक असून एका शब्दानं बोलला नाही. हा त्याचा जीव होता तिच्यावर, की नुसता भित्रेपणा? आणि आता विचारायचं तरी कुणाला?

"त्यांनी आपल्या दोघींचंही वाटोळं केलं," नेरोलेल हळूच म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मेलेल्या माणसाला असं बोलू नये. पण केलं."

"मी उद्या सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

"माझ्यासाठी नको सांगूस. माझं तिथं घर आहे, चार बायका मला ताई म्हणतात. मला इथं परत नांदायचं नाही."

"तुझ्यासाठी नाही सांगत."

"मग सांग."

संध्याकाळी रस निवल्यावर रांजणांत ओतला. आंबवण्यासाठी लागणारा जुन्या बिलीच्या तळाचा साका नेरोलेलनं दोबाहून तुंब्यात घालून आणला होता. देनेयोमकडचाही होता. कुणाचा घालायचा यावर क्षणभर दोघी थांबल्या, मग देनेयोमनं दोन्ही ओतले.

सकाळी रांजणांवरची झाकणं काढली तेव्हा फेस काठापर्यंत आला होता. देनेयोमला मनातून वाटत होतं, बिली बिघडावी. आंबूस व्हावी, मग समारंभ पुढे ढकलता येईल. पण बिली उत्तम झाली होती. इतकी चांगली तिला एकटीला कधी जमली नसती.

दोघींची डोकी भादरली, काळी लुगडी उतरवली, नवी नेसवली. धर्मोपदेशकानं प्रार्थना म्हटली. मग जिमतोलाचा चुलता, जो आता घरातला सगळ्यांत वडीलधारा होता, म्हणाला, "थोरलीनं पहिला तुंबा भरावा. त्याला द्यावा, मग आम्हाला."

देनेयोमनं तुंबा भरला. अंगणातल्या जिमतोलाच्या थडग्यावर ओतला. दुसरा भरला आणि तो हातात धरूनच बोलली. तिनं लांबण लावली नाही. कोण विहिरीवर गेलं, कोण बघते म्हणालं, कोण हसत होतं, एवढं सांगितलं. नवऱ्याला ठाऊक होतं हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते तिनं रात्रीच ठरवलं होतं. त्यानं तिचं झाकलं होतं, आता तिनं त्याचं झाकलं.

साठसत्तर माणसं बसली होती. ओनोरीननं तोंडावर पदर घेतला.

चुलता म्हणाला, "ही बिली आता कुणी प्यायची ते नेरोलेल ठरवील. आम्ही कुणी बोलणार नाही."

नेरोलेल उठली. देनेयोमच्या हातातला तुंबा तिनं घेतला, एक घोट प्यायली आणि चालत जाऊन ओनोरीनसमोर धरला. ओनोरीनचे हात पुढे येईनात. नेरोलेल तशीच वाकून उभी राहिली. शेवटी ओनोरीननं तुंबा घेतला, प्यायली, आणि मग तो माणसांतून फिरत गेला. लोक बोलू लागले, तरुणांनी ढोल घेतला. देनेयोमच्या वाट्याला तुंबा सगळ्यांत शेवटी आला. तळाशी साकाच उरला होता. ती तो प्यायली.

नेरोलेल दुसऱ्या दिवशी दोबाला गेली. जाताना तिनं पाया पडून निरोप घेतला, पण ये म्हणाली नाही आणि येते असंही म्हणाली नाही.

पुढचे महिने देनेयोमला कठीण गेले. बाजाराच्या दिवशी आंब्याखालची बाकडी ओस पडू लागली. बायका म्हणत, आपलं पाप दुसरीच्या गळ्यात घालून सहा वर्षं बिली विकली हिनं. कुणी तोंडावर म्हणे, कुणी पाठीमागे. तिनं कुणाशी वाद घातला नाही. ट्रकवाले येत राहिले, त्यांना गावातलं काही ठाऊक नव्हतं. ओनोरीन मात्र एक दिवस आली, एकटीच बाकड्यावर बसली आणि तुंबा मागितला. पुढच्या बाजाराला पुन्हा आली. तिचं बघून आणखी दोघी आल्या. पहिल्यासारखी गर्दी परत कधी झाली नाही.

सुगी संपल्यावर नेरोलेल आली. डोक्यावर शेंगांची टोपली होती. तिनं ती उतरवली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "आक्का, पोरीला कुठं ठेवलंय ते मला ठाऊक नाही. तुम्ही मला त्या आधीच काढलं होतं."

देनेयोमनं खराटा बाजूला ठेवला.

"चल," ती म्हणाली. "नदीकडे आहे. ऊन चढायच्या आत जाऊन येऊ."

वाट अरुंद होती. देनेयोम पुढे चालत होती, नेरोलेल मागे. अर्ध्या वाटेवर नेरोलेलनं विचारलं, पोर जगली असती तर आता किती वर्षांची असती. देनेयोम म्हणाली, अकरावं लागलं असतं. आणि मग पोरीच्या सवयी, तिचे हट्ट, ती कुणाच्या पाठीवर झोपायची, असं दोघी बोलत गेल्या, नदी येईपर्यंत.