चौथी ओळ

"गंगारामकाका, आत एकच वाक्य बोलायचं. 'मी फक्त जोडणी दिली.'" कोर्टाच्या व्हरांड्यात वकील दिशाताई बजावत होत्या. "इंटरनेट पुरवणाऱ्यानं मजकुरात हात घातला नसेल, तर कायदा त्याला धरत नाही. अर्ध्या तासात सुटाल."

"आन् तुळसा?"

"तिचं वेगळं. गाणं तिनं टाकलंय."

वाडीतल्या सव्वाशे घरांत गंगारामनं आंब्या-पोफळींवरून वायर ओढून इंटरनेट पोचवलं होतं. त्यातल्याच एका वायरीवरून तुळसाचं गाणं पंधरा दिवसांत पार मुंबईला पोचलं. मग चिरेखाणवाल्या रितेशशेठनं दोघांवरही बदनामीचा दावा लावला. दावा अंगाशी आला तर गंगारामचा धंदा बंद.

भिंतीला टेकलेली तुळसा म्हणाली, "सूट रे दादा तू. तुझी वायर बंद पडली तर सूनबाय मला घरात घ्यायची नाय."

आत रितेशशेठच्या वकिलांनी भाजीचे भाव वाचावेत तसं गाणं वाचलं.

*डोंगर कापलास, चिरा नेलास,*
*चिऱ्यांची माडी बांधलीस रे,*
*वाडीची बाव कोरडी करून*
*तहान कुणाला विकलीस रे?*

"बाव म्हणजे विहीर, तिचं सोडा. आक्षेप फक्त चौथ्या ओळीवर आहे. माझ्या अशिलांचे पाण्याचे टँकर आहेत."

गंगारामची बोटं कठड्यावर वाजू लागली. त्या दिवशी तो तुळसाकडे राउटर बसवत होता आणि ती गुणगुणत होती. तिची चौथी ओळ होती, 'आता आम्ही पाणी कुठून आणायचं ते सांग.' वीस वर्षं जाखडीच्या नाचगाण्यात ढोलकी वाजवलेल्या माणसाला लंगडी ओळ सहन होते थोडीच! शिडीवरूनच त्यानं ती बदलून दिली होती.

"तुम्ही फक्त जोडणी दिलीत ना?" न्यायाधीशांनी विचारलं. त्याचं नाव खोडायला पेन उघडंच होतं. "मजकूर बदलला नाहीत?"

मागून तुळसा नकारार्थी मान हलवत होती. बोलू नको, बोलू नको.

"जोडणी मी दिली, सायब," गंगाराम म्हणाला. "आन् चौथी ओळपण मीच दिली. तुळसाची ती नाय."

दिशाताईंनी समोरची फाइल मिटली. न्यायाधीशांनी पेनाला टोपण लावलं.

"नीट सांगा. नोंद होतेय."

"नीटच सांगतो. वकीलसायबांनी वाचली तशी नाय ती. शेवटचा 'रे' लांबवायचा."

आणि त्यानं ती म्हणून दाखवली, मोकळ्या गळ्यानं, 'रे' पार खिडकीबाहेर जाईस्तोवर.

टायपिस्टबाईंनी ओळ उतरवून घेतली. मग, पुढं अजून काही असेल म्हणून, बोटं तशीच अधांतरी धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.